टायरवरचा आकडा हे माप नव्हे, आडनाव आहे : सव्वीस, अठ्ठावीस आणि सातशेची गोष्ट (थ्रेड)

१/
मागच्या पावसाळ्यात माझ्या जुन्या सायकलचा मागचा टायर फाटला. त्यावर २६ × १-३/८ असे छापलेले होते. त्या मापाचा टायर मिळेना. २६ × १-१/२ मिळाला. दोन्हींत २६ सामाईक, आणि रुंदीतला फरक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे सुमारे तीन मिलीमीटरचा. खड्ड्यांच्या रस्त्याला थोडा जाड टायर बराच, अशा विचाराने तो घेतला. दोन तासांची झटापट, स्वयंपाकघरातले दोन वाकलेले चमचे आणि एक फाटलेली ट्यूब एवढी किंमत मोजल्यावर कळले की तो त्या रिमवर कधीच चढणार नव्हता.

२/
शेवटी सायकल कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी टायर हातात घेतला, रिमकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "ताई, टायर आकडा सांगून आणायचा नसतो, जुना टायर दाखवून आणायचा असतो." इतिहासाच्या विद्यार्थिनीला हे वाक्य अस्वस्थ करणारे होते. वस्तूवर छापलेला आकडा वस्तूचे माप सांगत नसेल, तर तो नेमके काय सांगतो? तो खोटा आहे, की कधीकाळी खरा होता? आजचा थ्रेड या प्रश्नाचा.

३/
उत्तर आधीच सांगून ठेवते. टायरवरचा आकडा हे माप नाही. ते आडनाव आहे. चिटणीस आडनावाचा मनुष्य आज कोणाच्या दरबाराची पत्रे लिहीत नाही, पोतनीसांच्या घरात सरकारी खजिना नसतो. पण ज्या पूर्वजाला ते नाव प्रथम लागले, तो ते काम खरोखरच करत होता. टायरच्या आकड्यांचेही तसेच आहे. जन्मताना ते बहुतेक सगळे खरे होते. पुढे टायर बदलत गेले आणि नाव मात्र घराण्याला चिकटून राहिले.

४/
सुरुवात रबराच्या आधीपासून करू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवतो, तिला आपण धाव म्हणतो. इंग्रजीतला 'टायर' हा शब्द रबराच्या कितीतरी आधीपासून अशाच पट्टीसाठी वापरात होता. धाव थंड होऊन आवळली की चाक आणि धाव ही एकच वस्तू होते. चाक केवढे? जमिनीपासून माथ्यापर्यंत भरेल तेवढे. धाव वेगळी आणि चाक वेगळे मोजण्याचे काही कारणच नव्हते.

५/
१८७० च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलींनी ही सवय पक्की केली. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक जेवढे मोठे, तेवढे एका फेऱ्यात अंतर जास्त, आणि मर्यादा फक्त स्वाराच्या पायांच्या लांबीची. म्हणून सायकल विकली जाई ती चाकाच्या बाहेरच्या व्यासावर : ५० इंची, ५४ इंची. तो आकडा एकाच वेळी चाकाची उंची, सायकलचा वेग आणि गिऱ्हाइकाच्या पायांची लांबी सांगत असे. एका आकड्याने इतके प्रामाणिक काम त्यानंतर क्वचितच केले असेल.

६/
१८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. साखळीच्या दातेरी चकत्या लहानमोठ्या करून वेग ठरवता येऊ लागला. चाकाच्या व्यासाचे वेगाशी असलेले थेट नाते संपले, तरी बाहेरचा व्यास सांगून चाक विकण्याची रीत राहिली. कारण संपले, रूढी उरली. इतिहासात हे वारंवार घडते.

७/
आता हवा येते. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. १८८९ मध्ये विली ह्यूम या स्वाराने डनलॉपच्या टायरांवर शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले.

८/
सुरुवातीचे डनलॉप टायर कापडात गुंडाळून रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचे तर सारे उकलून पुन्हा चिकटवावे लागे. म्हणजे टायर आणि चाक अजूनही धावेसारखेच एकजीव होते. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने त्यावर तोड काढली : टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारेचे वेटोळे आणि मधोमध खोलगट असलेली रिम. तार खोलगट भागात ढकलून टायर काढता-घालता येतो. हवा भरली की तार वर सरकून आपल्या जागी बसते. आज आपण वापरतो ती बहुतेक सारी टायरे या कल्पनेची वारस आहेत.

९/
सगळ्या गोंधळाचे मूळ या तारेत आहे. रबर ताणले जाते, कापड थोडेफार सैलावते. पोलादी तार ताणली जात नाही. म्हणून ती रिमवर जिथे टेकते तिथला व्यास मिलीमीटरच्या हिशेबात जुळावा लागतो. या व्यासाला आपण सोयीसाठी 'बैठक' म्हणू. १८९० नंतर टायर आणि रिम या दोन स्वतंत्र वस्तू झाल्या, वेगवेगळ्या कारखान्यांत बनू लागल्या, आणि त्यांच्यात जुळण्याची एकच अट उरली : बैठक. पण टायरवर छापला जात होता तो मात्र बाहेरचा व्यास. जे माप निर्णायक, तेच नावात नव्हते.

१०/
तेव्हाच्या लोकांना हे सोयीचे का वाटले असेल? सायकलचा सांगाडा बनवणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याला चाक सांगाड्यात मावेल का आणि बसायची उंची किती राहील, एवढेच हवे. त्यासाठी बाहेरचा व्यास पुरतो. गिऱ्हाइकाला जाड टायर हवा असेल तर रिम लहान करायची, बारीक हवा असेल तर मोठी. बाहेरून चाक तेवढेच. आता २६ इंच, म्हणजे ६६० मिलीमीटर, घेऊन हिशेब मांडू.

११/
बैठक अधिक दोन वेळा टायरची जाडी :
५९७ + सव्वा इंच दोनदा = ६६०
५९० + १-३/८ इंच दोनदा = ६६०
५८४ + दीड इंच दोनदा = ६६०
५७१ + पावणेदोन इंच दोनदा = ६६०
५५९ + दोन इंच दोनदा = ६६०
(मिलीमीटरचे अपूर्णांक सोडून दिले आहेत.)
पाच रिमा, पाच जाड्या, आणि पाचही वेळा बाहेरचा व्यास २६ इंच. यातले एकही नाव खोटे नाही. माझी चूकही येथेच उलगडते. दीड इंची टायर तीन मिलीमीटरने जाड होता. ती जाडी चाकाच्या वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणून त्याची रिम सहा मिलीमीटरने लहान. ५९० च्या रिमवर मी ५८४ ची तार चढवू पाहत होते.

१२/
फ्रेंचांनी हेच मिलीमीटरमध्ये मांडले. ६५० आणि ७०० हे बाहेरचे व्यास, पुढे अक्षर. ए म्हणजे बारीक टायर, बी मध्यम, सी जाड. त्यामुळे अक्षर पुढे सरकते तशी रिम लहान होते : ७००ए ची बैठक ६४२, ७००बी ची ६३५, ७००सी ची ६२२. सी टायर साधारण ३९ मिलीमीटर जाड असे. ६२२ अधिक ७८ म्हणजे बरोबर ७००. (६५० ची गोष्ट थोडी ढिली आहे. ५९०, ५८४ आणि ५७१ या त्याच इंग्रजी रिमा, म्हणजे चाक ६६० चे. नाव मात्र ६५० असे गोळाबेरजेचे.)

१३/
मग हे आकडे बिघडले कसे? कारण साधे आहे. टायर काही वर्षांत झिजतो, रिम वर्षानुवर्षे टिकते. नवा टायर विकायचा तर लोकांकडे आधीच असलेल्या रिमांवर तो बसायला हवा. समजा कारखान्याने ६२२ च्या रिमसाठी बारीक टायर काढला. त्याचा बाहेरचा व्यास ७०० राहणार नाही. पण खरा व्यास छापला, तर तो आपल्या रिमवर बसतो हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? म्हणून नाव जुनेच ठेवले गेले. त्या क्षणी आकड्याचे माप म्हणून असलेले आयुष्य संपले आणि आडनाव म्हणून असलेले सुरू झाले.

१४/
७००सी चे तेच झाले. शर्यतीतले स्वार रिमला चिकटवायची नळीसारखी शिवलेली टायरे वापरत. त्यांच्या रिमांचा व्यास ६२२ च्या रिमेशी मिळताजुळता होता. चाक बदलले तरी ब्रेक हलवावा लागत नसे. म्हणून तारेची टायरे शर्यतीच्या सायकलींवर आली तेव्हा ६२२ हीच बैठक सोयीची ठरली, आणि तिच्यावर बारीक, कडक हवेची टायरे चढली. ७०० × २३सी या टायरचा हिशेब करा : ६२२ अधिक ४६ म्हणजे ६६८. नावात सातशे, प्रत्यक्षात जवळपास सव्वीस इंच. आणि जो 'सी' जाड टायरची खूण होता, तो आज सर्वांत बारीक टायरांवर मिरवतो.

१५/
अमेरिकेची शाखा निराळी. १९३३ मध्ये श्विन कंपनीने मोटारींच्या धर्तीवर सायकलला फुगीर 'बलून' टायर दिले : २६ × २.१२५, बैठक ५५९. चार दशकांनी कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली तरुण मंडळी याच जुन्या धिप्पाड सायकली डोंगरउतारावरून पिटाळू लागली आणि त्यातून माउंटन बाइक जन्मली. म्हणून ५५९ हे तिचे चाक. पुढे त्याच रिमवर शहरी वापरासाठी सव्वा इंची गुळगुळीत टायर आले. बाहेरचा व्यास साडेचोवीस इंच. छापील आकडा २६.

१६/
याच अमेरिकेत २६ × १-३/४ (बैठक ५७१) आणि २६ × १.७५ (बैठक ५५९) असे दोन टायर एकाच काळी विकले जात. गणिताच्या वहीत दोन्ही समान, मराठीत तर दोन्ही 'पावणेदोन'च. पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. अपूर्णांक आणि दशांश ही तिथे लिहिण्याची ढब नसून घराण्याची खूण होती. त्याहून अवघड म्हणजे २६ × १-३/८ : इंग्लंडमध्ये याची बैठक ५९०, श्विनच्या सायकलींवर ५९७. येथे तर अक्षर अन् अक्षर सारखे.

१७/
आकड्यांचा क्रमही भरवशाचा नाही. २७ इंची रिमची बैठक ६३० आहे आणि '२८ इंची' म्हणून युरोपात विकल्या जाणाऱ्या ७००सी ची ६२२. म्हणजे येथे सत्तावीस अठ्ठावीसपेक्षा मोठी. १९९९ मध्ये याच ६२२ च्या रिमसाठी डब्ल्यूटीबी कंपनीचा जाड टायर आला, बाहेरचा व्यास २९ इंचांच्या घरात, आणि त्याचे नाव 'ट्वेंटी-नाइनर' पडले. एकच बैठक, नावे तीन : २८, ७००सी, २९. त्यानंतर विस्मृतीत गेलेली फ्रेंच ६५०बी (५८४) 'साडेसत्तावीस' म्हणून परतली. नावावरून ती २६ आणि २९ च्या बरोबर मध्ये वाटते. बैठक मात्र २६ हून २५ मिलीमीटर मोठी आणि २९ हून ३८ मिलीमीटर लहान. आणि साडेसत्तावीस सत्तावीसपेक्षा लहान, हे वेगळेच.

१८/
आता आपल्या दारातली सायकल. दूधवाल्याची, पेपरवाल्याची, कामगाराची ती काळी उंच सायकल : २८ × १-१/२, बैठक ६३५. स्वातंत्र्यापूर्वी ती बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमहून आयात होई. १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना हुगळीकाठी साहागंजला उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सेन-रॅले आसनसोलला आणि टीआय सायकल्स मद्रासजवळ अंबत्तूरला ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने सुरू झाल्या. सोनीपतची ॲटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) पाठोपाठ आल्या. यंत्रे इथली झाली, चाकाचे माप मात्र ब्रिटिश रोडस्टरचेच राहिले.

१९/
मजा पाहा. ६३५ अधिक दीड इंच दोनदा म्हणजे ७११ मिलीमीटर, म्हणजे नेमके २८ इंच. पाश्चात्य शर्यतींच्या जगात नावे आणि मापे एकमेकांपासून दुरावत असताना आपल्या गरीब सायकलवरचा आकडा खराच राहिला. कारण ती फॅशनच्या वाटेला गेलीच नाही. ओझे तेच, रस्ते तेच, म्हणून टायरची जाडी तीच. चीनमधल्या आणि नेदरलँड्समधल्या जुन्या धाटणीच्या सायकलींवरही हीच ६३५ ची बैठक आढळते. साम्राज्य आणि व्यापार यांच्या वाटांनी गेलेले माप तिथे मुरले, जिथे सायकल हौसेची नव्हे, गरजेची होती. ज्या कोणा आजोबांनी आयुष्यभर '२८ चा टायर' मागितला, त्यांना कधी माझ्यासारखा मनस्ताप झाला नसावा.

२०/
भारताने १९५६ मध्ये मापन-तोलनाचा नवा कायदा केला. १९५८ पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत बाजारातले शेर, मण, गज हटून किलो आणि मीटर आले. सायकलच्या टायरवरचे इंच मात्र तसेच राहिले. कायद्याचा धाक नव्हता म्हणून नव्हे. गज हे माप होते, ते बदलता आले. 'अठ्ठावीस दीड' हे तोवर नाव झाले होते, आणि नावाचे मीटरमध्ये रूपांतर होत नाही.

२१/
मोटारींची कथा याच वळणाने गेली. फोर्डच्या मॉडेल टी ला अनेक वर्षे पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३-१/२ अशी टायरे होती. तीस इंच बाहेरचा व्यास. म्हणून पुढची रिम २४ इंची, मागची २३ इंची. एकाच गाडीला दोन रिमा! मागच्या रिमवर अधिक जाड टायर हवा असेल तर ३१ × ४ मिळे : २३ अधिक आठ म्हणजे ३१. नाव निराळे, रिम तीच. गिऱ्हाइकाला वजाबाकी यायला हवी, एवढीच अट.

२२/
१९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आले आणि मोटारवाल्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली : बाहेरचा व्यास सोडून रिमचा व्यास नावात आणला. १९२८ च्या फोर्ड मॉडेल ए चा टायर ४.५०-२१, म्हणजे साडेचार इंच रुंद, २१ इंची रिम. आजचा २०५/५५ आर१६ त्याचाच वंशज आहे आणि त्याच्यात इतिहासाचे थर उघड दिसतात : रुंदी मिलीमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत, 'आर' म्हणजे रेडियल आणि रिम अजूनही इंचांत. बरे, ते इंचही नाममात्रच. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलीमीटर, पण '१७ इंची' मोटारीच्या रिमची प्रमाणित बैठक ४३६.६ आहे.

२३/
रुंदीचे काय? ती तर टायरची एकट्याची नसतेच. टायरचे कापड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठरावीक लांबीचे असते. उरलेले वर्तुळ रिमची रुंदी पुरे करते. रिम रुंद घेतली की तोच टायर रुंद भरतो. मोटारीत रिम अर्ध्या इंचाने बदलली तर टायरची रुंदी साधारण पाच मिलीमीटरने बदलते. म्हणून प्रमाणित रुंदी म्हणजे ठरवून दिलेल्या रिमवर, ठरलेल्या दाबाने मोजलेली रुंदी. शिवाय हवा भरल्यावर टायर काही काळ सैलावत राहतो आणि रस्त्यावर झिजतो. नव्या मोटार टायरची नक्षी साधारण आठ मिलीमीटर खोल असते. ती झिजून १.६ वर आली की चाकाचा व्यास जवळपास १३ मिलीमीटरने घटलेला असतो. छापील आकडा जागचा हलत नाही.

२४/
आणि हो, निव्वळ लबाडीही झाली. १९७० आणि ८० च्या दशकांत हलक्या सायकलींची चढाओढ लागली, तेव्हा जाहिरातींत एकाच मापाच्या टायरांची वजने ताडून पाहिली जात. टायर थोडा बारीक करायचा, त्यावर '२५' छापायचे आणि बाजारातला सर्वांत हलका पंचवीस म्हणून विकायचा. एकाने केले की दुसऱ्यालाही करावे लागे. तरी या प्रकाराला मी इतिहासात दुय्यम जागा देईन. बहुतेक आकडे कोणी फसवले म्हणून खोटे पडले नाहीत. कोणी ते बदलण्याचे धाडस केले नाही म्हणून पडले.

२५/
हा केवळ गमतीचा विषय नाही. अमेरिकेत हलक्या ट्रकांसाठी १६ इंची आणि साडेसोळा इंची अशा दोन रिमा शेजारी शेजारी नांदल्या. पहिलीची बैठक ४०५.६ मिलीमीटर, दुसरीची ४१९.१, कडांचा उतारही निराळा. चुकून १६ चा टायर साडेसोळाच्या रिमवर चढवला, तर चढतो. मग त्याची कड बसावी म्हणून कामगार हवा वाढवत जातो आणि तार तुटून टायर फुटतो. अशा स्फोटांत माणसे जखमी झाली, मेली. पुढे टायरांच्या अंगावरच या जोडीबद्दल इशारा छापला जाऊ लागला. माझे चमचे वाकले. त्यांचे जीव गेले. दोन्हींचे मूळ एकच : जवळचा आकडा म्हणजे जवळचे माप, हा समज.

२६/
तोड निघाली आहे. युरोपातल्या टायर-रिम संघटनेने, ईटीआरटीओने, आणि पुढे आयएसओ ५७७५ या मानकाने सायकल टायरसाठी दोनच आकडे ठरवले : रुंदी आणि बैठक, दोन्ही मिलीमीटरमध्ये. ३७-५९०, ४०-६३५, २३-६२२. यातला दुसरा आकडा जुळला तर टायर त्या रिमवर बसतो, नाही तर नाही. पहिल्याने फक्त तो त्या रिमला आणि सांगाड्याला झेपेल का, एवढे पाहायचे. (रुंदी अजूनही नावापुरतीच. १-३/८ इंच म्हणजे ३५ मिलीमीटर, छापतात ३७.) माझ्या फाटलेल्या टायरवरही ३७-५९० असे बारीक अक्षरांत होते. चिखल पुसल्यावर दिसले.

२७/
तरी दुकानात कोणी '५९० द्या' म्हणत नाही. 'सव्वीसचा द्या' असेच म्हणतात. जुनी कागदपत्रे वाचताना हे मला आता वारंवार आठवते. पेशवाईतल्या एखाद्या हिशेबात 'धान्य दहा खंडी' वाचले की हात आपोआप किलोत रूपांतर करायला धावतो. पण खंडी वीस मणांची असली तरी मण सगळीकडे सारखा नव्हता. प्रांत बदलला, जिन्नस बदलला की खंडीही बदले. आकडा तोच, खंडी तीच, धान्य निराळे. कोष्टकावरून गुणाकार करणारा अभ्यासक आणि दीड इंची टायर घेऊन घरी आलेली मी, यांच्यात फारसे अंतर नाही.

२८/
म्हणून काकांचे वाक्य मी टिपणवहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे. आकडा सांगून नव्हे, जुना टायर दाखवून. इतिहासाच्या भाषेत : मापाचे नाव वाचण्याआधी ते माप कोणत्या चाकावर, कोणत्या गावात, कोणाच्या हातात होते ते पाहा. नाव कुळ सांगते, आणि कुळ कळणे हे काही कमी नाही. पण कुळ म्हणजे उंची नव्हे.

२९/
घरात जुनी सायकल असेल तर आज तिच्या टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसा आणि बारीक अक्षरातला तीन आकडी अंक शोधा. ६३५, ५९०, ५८४, ५५९, ६२२ यांपैकी काय सापडते, ते खाली जरूर लिहा. आजोबा-आजींच्या सायकलची आठवणही सोबत असेल तर उत्तमच. लेखनात काही चूक आढळल्यास निदर्शनास आणावी, दुरुस्ती करेन.